वहीत नसलेला नंबर

“आहे अजून,” तारकाका पडद्याकडे बघत म्हणाले.

“कोण?” लॅबताईने मान वर न करता विचारलं.

“तेच तर कळत नाहीये.”

रक्तपेढीच्या शाखेतल्या मागच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या थप्पीला टेकून तारकाका लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. पडद्यावर दर सेकंदाला एक नवी ओळ उमटत होती आणि प्रत्येक ओळ एकच गोष्ट सांगत होती, की सत्त्याहत्तर नंबरच्या पत्त्यावर काहीतरी आहे आणि हाक मारली की ते ओ देतं. शाखेत एकूण एकेचाळीस ठिकाणांहून ओ आली होती. तारकाकांच्या वहीत नोंदी चाळीसच होत्या.

ही वही काय चीज होती ते सांगायला हवं. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी, पाठ दोनदा दोऱ्याने शिवलेली ही वही एकवीस वर्षं त्यांच्या पिशवीत होती. रक्तपेढीच्या मुख्य कार्यालयात आणि शाखेत जेवढे संगणक, प्रिंटर, यंत्रं तारेने जोडली गेली त्या सगळ्यांचे नंबर तिच्यात होते. कुठली तार कुठून निघते, कुठल्या भिंतीत शिरते आणि कुठल्या कपाटामागून डोकं बाहेर काढते, तेही होतं. दोन्ही इमारतींमधली एकूण एक तार त्यांनी स्वतः ओढलेली, म्हणून तर त्यांना तारकाका हे नाव पडलं. खरं नाव आता हजेरीपत्रकापुरतं उरलं होतं. संचालक मॅडम एकदा भर बैठकीत म्हणाल्या होत्या, “इमारतीला आग लागली तर आधी काकांची वही बाहेर काढा, मग आम्हाला.” सगळे हसले होते. तारकाकाही हसले होते, पण घरी जाऊन त्यांनी ते वाक्य बायकोला दोनदा ऐकवलं होतं.

वहीत शहात्तर नंबर होता, तो नोंदणीच्या टेबलावरचा प्रिंटर. अठ्ठ्याहत्तर होता, ते नळ्यांवर पट्ट्या छापणारं यंत्र. मधली ओळ कोरी होती. खोडलेली नाही, पुसलेली नाही, नुसती कोरी.

“काका, असेल कुणाचा तरी मोबाइल,” लॅबताई म्हणाली. ती शाखेची मुख्य तंत्रज्ञ. सहाच महिन्यांपूर्वी मुख्य कार्यालयातून इकडे बदलून आली होती. वयाने मुलीसारखी, त्यामुळे ताई म्हणत म्हणत तारकाका तिच्याशी एकेरीतच बोलत.

“मोबाइल संध्याकाळी मालकाबरोबर घरी जातात. हा जात नाही. काल दिवसभर होता, आज सकाळी कुलूप उघडलं तेव्हाही होता. ठाण मांडून बसलाय.”

“मग कुणीतरी बसवला असेल.”

“मीच बसवतो ना सगळं,” तारकाका म्हणाले. एवढं बोलून त्यांनी वहीतली ती कोरी ओळ पुन्हा बघितली.

या सगळ्याला कारण झाला होता एक पेन ड्राइव्ह. शाखेत तपासलेल्या रक्ताची माहिती रोज दोनदा पेन ड्राइव्हवर घालून शिपाई स्कूटरवरून मुख्य कार्यालयात नेत असे. दोन महिन्यांपूर्वी त्यातला एक हरवला. तिसऱ्या दिवशी तो शिपायाच्याच जाकिटाच्या अस्तरात सापडला, पण तोवर मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं होतं. कुणाच्या रक्तात काय सापडलं हे रस्त्यावर आलं, तर एखाद्याचं ठरलेलं लग्न मोडेल, एखाद्याची नोकरी जाईल. तेव्हा ठरलं, की दोन्ही कार्यालयं व्हीपीएनने जोडायची. म्हणजे इंटरनेटच्या भर रस्त्याखालून आपल्यापुरता एक बोगदा काढायचा. आतून जे जाईल-येईल ते कुलूपबंद, आणि किल्ल्या फक्त दोन टोकांना.

योजना तारकाकांनी आखायची होती, आणि पहिल्याच दिवशी त्यांची एक जुनी करणी त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. मुख्य कार्यालयाचं जाळं उभारताना नंबरांची जी मालिका त्यांनी वापरली होती, तीच त्यांनी चार वर्षांनी शाखेतही वापरली होती. हात तोच, सवय तीच. दोन इमारतींचा एकमेकींशी संबंध नव्हता तोवर कुणाचं काही बिघडलं नाही. आता बोगदा काढला की एकाच नावाच्या दोन गल्ल्या आणि घरांना तेच नंबर, मग पोस्टमनने पत्र टाकायचं कुठे? म्हणून शाखेतल्या प्रत्येक यंत्राला रविवारी सकाळी नवा पत्ता द्यायचा होता. संगणक आपला पत्ता आपणच मागून घेतात, त्यांची काळजी नव्हती. पण काही यंत्रांना पत्ता हाताने दिलेला असतो. तिथे जाऊन तो हातानेच बदलावा लागतो. एखादं राहिलं तर ते सोमवारपासून मुकं.

त्यासाठी ही मोजणी चालली होती. आणि मोजणीत एक जास्त आला होता.

सत्त्याहत्तर नंबर बाहेरच्या कुणी चोरून बसवला असेल, तर रविवारी तारकाका स्वतःच्या हाताने त्या चोराला बोगद्यातून मुख्य कार्यालयाच्या आतल्या खोलीपर्यंत नेऊन सोडणार होते. ही भीती मोठी होती. पण तिच्या मागे दुसरी एक भीती दबा धरून होती, आणि तिच्याकडे बघायची त्यांची हिंमत होत नव्हती. हा नंबर चोराचा नसेल, तर जगात एकच माणूस तो देऊ शकत होता.

त्या संध्याकाळी घराचं दार उघडताना तारकाकांनी मनातल्या मनात म्हटलं, देवा, चोरच असू दे.

दादा, म्हणजे तारकाकांचे थोरले भाऊ, दोन गल्ल्या पलीकडे राहत. ते शिंपी होते. चाळीस वर्षं त्यांनी शर्ट शिवले, आणि गिऱ्हाईक दारातून आत येतानाच नुसत्या नजरेने त्याचा खांदा सांगायचे. सात वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने नवा शर्ट घालून बघितला तर काहीतरी विचित्र वाटलं. दादांनी एकाच शर्टाला दोन्ही डाव्या बाह्या लावल्या होत्या. दुकानात हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. वहिनी हसल्या, गिऱ्हाईक हसलं, दादा स्वतः हसले. सगळ्यांत मोठ्याने तारकाका हसले होते. पुढे कितीतरी दिवस ते भावाला “काय, डावखुरे शिंपी!” म्हणून हाक मारत.

आता दादा पुढच्या खोलीत खिडकीशी बसून असतात, आणि दर शुक्रवारी सकाळी तारकाका जाऊन त्यांची दाढी करतात.

त्या शुक्रवारीही ते गेले. साबण लावला, पातं बदललं. दादांनी समोरच्या माणसाकडे नीट निरखून पाहिलं.

“खांदा सव्वासतरा,” ते म्हणाले.

“बरोबर,” तारकाका म्हणाले.

“बाही साडेतेवीस. तुम्ही कोणाकडचे?”

धाकट्या भावाला ते हल्ली अहो-जाहो करत. आधी आधी तारकाकांना याने रडू यायचं, मग सवय झाली होती. आज मात्र हातातलं पातं हनुवटीपाशी थांबलं.

“वहिनी,” त्यांनी आत बघत विचारलं, “दादाचं हे सुरू झालं ते त्या शर्टापासूनच ना?”

वहिनी पंचाने हात पुसत बाहेर आल्या. “शर्ट तुम्हाला दिसला, भावजी. मला त्याच्या आधीपासून दिसत होतं.”

“काय दिसत होतं?”

“बटणं डब्यात ठेवायचे आणि डबा शोधत बसायचे. मी विचारलं तर म्हणायचे, ठेवलं की मी, तूच हलवलंस. ठेवलं म्हणजे ठेवलं, यावर अगदी ठाम असायचे.” त्या दीराकडे बघत राहिल्या. “का हो? आज का विचारताय?”

“काही नाही. सहज.”

“चेहरा का उतरलाय मग?”

“काम आहे जरा. दोन कार्यालयं जोडायची आहेत.” तारकाकांनी उरलेली दाढी खाली मान घालून संपवली. दादांच्या कानाखाली थोडा साबण राहून गेला, तो वहिनींनी पुसला.

शाखेपर्यंतच्या वाटेवर तारकाका स्वतःची परीक्षा घेत चालले होते. मुलीच्या लग्नाची तारीख? आली. घरचा फोन? आला. मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरचा पत्ता, त्याच्या शेजारचा, त्याच्या शेजारचा? धडाधड आले. मग आठवेना तरी काय? काय आठवत नाहीये तेच कसं आठवणार, या विचाराशी येऊन ते फुटपाथवर थांबले. मागून येणारी एक बाई त्यांना धडकली आणि “बघून थांबत जा हो!” म्हणून पुढे गेली.

कुलूप लावलं का घराला? लावलं होतं. तीनदा ओढून बघितलं होतं, हे त्यांना आठवत होतं. तीनदा का ओढून बघावं लागलं, हेही आठवत होतं.

अकरा वाजता सल्लागाराचा फोन आला. हा सल्लागार एका बाहेरच्या कंपनीचा, आवाजाने तरुण आणि कायम घाईत. बोगद्याची दोन्ही टोकं तो बसवणार होता.

“सर, फॉर्म मिळाला ना? पाचपर्यंत सही करून पाठवा, म्हणजे रविवार पक्का.”

फॉर्म तारकाकांच्या समोरच होता. खाली एकच वाक्य आणि सहीची रेघ होती. ‘शाखेच्या जाळ्यातील सर्व उपकरणे मला माहीत असून सोबतची यादी पूर्ण आहे.’

“एक नंबर कळत नाहीये,” तारकाका म्हणाले.

“किती आहेत असे?”

“एकच. सत्त्याहत्तर.”

“मग टेन्शन कशाला घेताय, सर? ज्याला मालक नाही ते ब्लॉक करायचं. आम्ही सगळीकडे हेच करतो. बंद करा आणि बघत बसा. सोमवारी ज्याचं काम अडेल तो ओरडत येईल. ओरडला की मालक सापडला!” सल्लागार हसला. “आणि कुणीच ओरडलं नाही तर समजायचं, नकोच होतं ते.”

“आणि चोर असला तर?”

“तर तो काय तक्रार करायला येणार आहे का? दोन्हीकडून आपलाच फायदा.”

फोन ठेवल्यावर तारकाका बराच वेळ त्या फॉर्मकडे बघत राहिले. सल्ला खोटा नव्हता. त्यांनी स्वतःसुद्धा तसं पूर्वी केलं होतं. आणि खरं सांगायचं तर त्या सल्ल्याने त्यांच्या जिवाला केवढा थंडावा मिळाला होता! सत्त्याहत्तर बंद केला की वही आणि पडदा दोन्हींकडे चाळीस. हिशोब जुळला. कोण, कधी, कुणी बसवला हा प्रश्नच उरणार नाही. वहीतली कोरी ओळ कोरीच राहील आणि कोऱ्या ओळीला कुणी काही विचारत नाही.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. सहीतलं पहिलं अक्षर कागदावर उतरलंसुद्धा.

मग त्यांच्या मनात आलं, की बटणांचा डबा सापडला नाही तेव्हा दादालाही असंच वाटलं असेल. नवा डबा आणला की झालं. जुन्याची आठवणच नको. वहिनी म्हणाल्या होत्या, अगदी ठाम असायचे. पेन खाली ठेवून तारकाका उठले आणि लॅबताईच्या टेबलापाशी गेले.

“ताई, जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास देशील का?”

“कशाला, काका?”

“एकेक तार उपसून बघायची आहे. मी पडद्यावर बघतो, तू उपस. ज्या तारेला तो ओ द्यायचा थांबेल ती त्याची.”

“चाळीस तारा? आणि मध्येच कुणाचं काम अडलं तर?”

“म्हणून तर सुट्टीत.” मग ते जरा थांबून म्हणाले, “मला भीती वाटतेय गं. त्याला तसाच सोडून रविवारी काही करायची छाती नाही माझी.”

लॅबताईने त्यांच्याकडे पाहिलं. तारकाकांना भीती वाटते हे वाक्य तिने याआधी कधी ऐकलं नव्हतं. तिने हातमोजे काढून कचऱ्याच्या डब्यात टाकले.

एक वाजता रक्त देणाऱ्यांच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. लॅबताई जिन्याखालच्या कपाटात, तारांच्या गुंत्यासमोर उकिडवी बसली आणि तारकाका मागच्या खोलीत पडद्यासमोर. दोघांच्या कानाला फोन.

“पहिली काढली. आता?”

“चालू आहे.”

“परत लावली. दुसरी काढली. आता?”

“चालू आहे.”

एकेका तारेला तारकाकांचा श्वास अडकत होता आणि सुटत होता. दहा झाल्या. पंधरा झाल्या. पडद्यावरच्या ओळी एका चालीत उमटत होत्या, आणि ते जे काही होतं ते कुणाचीही पर्वा न करता ओ देत होतं. तारकाकांचे तळहात घामाने ओले झाले, ते त्यांनी विजारीला पुसले. विसाव्या तारेला त्यांना वाटलं, कुणीतरी बाहेर रस्त्यावर गाडीत बसून आपल्याला हसतंय. ती कल्पना त्यांना जवळजवळ सुखाची वाटली.

“सव्विसावी काढली. आता?”

ओळ उमटली नाही. पुढचीही नाही.

“काका? आता?”

“थांबलं,” तारकाका म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. “लाव परत.”

“लावली.”

ओळ उमटली.

तार करड्या रंगाची होती. कपाटातून ती वर छताच्या पत्र्याच्या पट्टीत शिरत होती, मार्गिकेतून चार दिवे पार करून डावीकडे वळत होती. दोघं माना वर करून तिच्यामागे चालत गेले. वळणांवर तार जिथे खिळली होती तिथल्या चिमट्यांकडे तारकाका बघत होते. दर एक वितीवर एक चिमटा, प्रत्येक चिमट्याचं डोकं वरच्या बाजूला. असे चिमटे ठोकायची पद्धत कुणाची आहे हे त्यांना सांगायला कुणाची गरज नव्हती. तरी ते चालत राहिले.

तार शीतखोलीच्या भिंतीत शिरली.

आत चार अंशांवर तीन मोठे फ्रीज गुरगुरत होते, आणि त्यांच्या काचांमागे रक्ताच्या पिशव्या ओळीने टांगलेल्या होत्या. फरशी पुसणाऱ्या मावशी बादली घेऊन तिथेच होत्या. लॅबताईने मधल्या फ्रीजच्या मागे हात घालून मोबाइलचा उजेड पाडला.

“इथे एक पांढरी डबी आहे, काका. छोटा दिवा लुकलुकतोय. वर चिठ्ठी चिकटवलीय.”

“वाच,” तारकाका म्हणाले. ते दारातच उभे होते.

“‘सत्त्याहत्तर. फ्रीजचा भोंगा. तापमान वाढल्यास ड्युटीच्या फोनवर निरोप जातो. बंद करू नये.’” मग ती अडखळली. “खाली तारीख आहे. गेल्या वर्षीची. चौदा महिने झाले.”

“अजून काय लिहिलंय?”

लॅबताईने मोबाइल खाली घेतला.

“वाच ना ताई.”

“‘वहीत नोंद केली आहे,’” तिने वाचलं. “खाली तुमची सही आहे.”

तारकाकांनी पुढे होऊन चिठ्ठी बघितली. अक्षर त्यांचंच होतं. सही त्यांचीच होती, शेवटच्या वळणाला नेहमीचा झटका देऊन केलेली. ते त्या अक्षराकडे बघत राहिले आणि काहीही आठवलं नाही. तो दिवस नाही, ती डबी नाही, फ्रीजमागची ती थंड जागासुद्धा नाही.

“अहो, तुम्हीच तर बसवलंत,” मावशी फडका पिळत म्हणाल्या. “त्या टेबलावर चढला होतात. टेबल डुगडुगत होतं म्हणून मी धरलं होतं. तुम्ही म्हणालात, मावशी, पडलो तर झेला हं. आणि मी म्हटलं, तुम्हाला झेलायचं तर मला आणखी दोन मावश्या लागतील. केवढे हसला होतात!”

“हो की,” तारकाका म्हणाले, आणि हसले. आठवल्यासारखं हसले. मावशींचं समाधान झालं आणि त्या बादली उचलून पुढच्या खोलीत गेल्या. तारकाकांनी फ्रीजच्या दाराला हात टेकवला.

लॅबताई फ्रीजच्या काचेतून आत बघत होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण तिच्या भीतीचं कारण वेगळं होतं. “काका, हे रविवारी राहून गेलं असतं तर... आपण सहाला कुलूप लावून जातो. सुट्टीच्या दिवशी फ्रीज बंद पडला असता, तर हा ओरडला असता आणि ऐकूच आलं नसतं कुणाला. सगळा साठा गेला असता. आणि नुसता गेला असता तरी एक वेळ ठीक. आपण येईपर्यंत फ्रीज परत चालू झाला असता तर? तापून थंड झालेलं रक्त दिसायला सारखंच दिसतं. कुणाला तरी चढवलं असतं आपण ते.”

तारकाका नुसते मान हलवत राहिले. ज्याचं काम अडेल तो ओरडेल, सल्लागार म्हणाला होता. या डबीचं तर कामच ओरडणं होतं, आणि ते तिचंच तोंड बांधायला निघाले होते. सहीचं पहिलं अक्षर अजून त्या कागदावर होतं.

“ताई,” ते म्हणाले, “मला हे आठवत नाहीये.”

“होतं काका असं. एवढी कामं असतात—”

“नाही. ऐक नीट. नोंद करायची राहिली, हे होतं. पण नोंद केली असं लिहून ठेवलं, सही केली, आणि नोंद केली नाही. आणि आता ते बघूनही आठवत नाही.” त्यांचा आवाज फुटला. “माझ्या दादाने दोन डाव्या बाह्या लावल्या होत्या. मी हसलो होतो गं.”

लॅबताईला बाह्यांचं काही कळलं नाही. पण काय सांगताहेत ते कळलं. तिने त्यांना कोपर धरून बाहेर आणलं आणि नोंदणीच्या खुर्चीवर बसवलं.

साडेचार वाजता तारकाका मुख्य कार्यालयात संचालक मॅडमच्या खोलीत उभे होते. त्यांनी नवा फॉर्म भरला होता. यादीत एकेचाळीस नोंदी होत्या. छापील वाक्याखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ जास्तीची लिहिली होती. ‘ही यादी शाखेच्या मुख्य तंत्रज्ञांनी प्रत्येक यंत्रापाशी जाऊन पडताळल्याशिवाय पूर्ण समजू नये.’

मॅडमनी ती ओळ वाचून चष्मा काढला. “हे कशाला, काका? तुमची यादी आणि पडताळणी?”

तारकाकांनी सांगितलं. उभ्या उभ्याच सांगितलं, डबीचं, चिठ्ठीचं, दादांचं. बोलताना त्यांनी हात पाठीमागे बांधले, शाळेत शिक्षा झालेला मुलगा बांधतो तसे. मॅडमना आगीचा तो जुना विनोद आठवला असेल की नाही कोण जाणे, पण त्या हसल्या नाहीत.

“डॉक्टरांना दाखवलंत?”

“सोमवारी जातो.”

“सोमवारी का? उद्या जा.”

“रविवारी बोगदा आहे,” तारकाका म्हणाले. “जुने पत्ते मला येतात अजून. सोमवारी जातो.”

मॅडमनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी फॉर्मवर, तारकाकांच्या सहीशेजारी, आपली सही केली.

घरी त्यांनी बायकोला जेवताना सांगितलं. ती म्हणाली, “तीनतीनदा कुलूप ओढता, ते मला काय दिसत नव्हतं?” आणि मग वाढता वाढता तिने डोळ्यांना पदर लावला.

रविवारी सकाळी आठला काम सुरू झालं. सल्लागार मुख्य कार्यालयात, तारकाका आणि लॅबताई शाखेत. या वेळी तारकाका हाताने काही करत नव्हते. ते प्रत्येक यंत्रापाशी उभे राहून सांगत, लॅबताई बसून करत असे, आणि झालं की दोघं मिळून ओ येते का ते बघत. सत्त्याहत्तर नंबर त्यांनी सगळ्यांत आधी घेतला. सव्वाअकराला सल्लागाराचा फोन आला. “सर, टनेल अप! तुमचा प्रिंटर मला इथून दिसतोय.” त्याच्या मागे टाळ्या ऐकू आल्या.

“थांबा, टाळ्या नंतर,” तारकाका म्हणाले.

ते शीतखोलीत गेले. मधल्या फ्रीजमधल्या पिशव्या शेजारच्या फ्रीजमध्ये हलवून झाल्या होत्या. त्यांनी रिकाम्या फ्रीजचं दार सताड उघडलं आणि तिथेच उभे राहिले. लॅबताई ड्युटीचा फोन हातात धरून त्यांच्या बाजूला. आकडा चारवरून पाचवर गेला. सहावर गेला. सातवर जायला त्याने फार वेळ लावला, आणि तेवढ्या वेळात तारकाकांना वाटलं, की सगळं पुन्हा चुकलंय, पुन्हा काहीतरी राहिलंय, आणि आता तर काय राहिलंय हे सांगणारी चिठ्ठीही कुठे नाही.

आठ.

डबी किंचाळली. त्याच क्षणी लॅबताईच्या हातातला फोन वाजला. तिने पडदा त्यांच्यापुढे धरला.

“आला,” ती म्हणाली.

“आला,” तारकाका म्हणाले, आणि त्यांनी फ्रीजचं दार लावलं.

बाहेर येऊन त्यांनी पिशवीतून निळी वही काढली, ते पान उघडलं आणि पेनासकट तिच्यापुढे सरकवलं.

“तुम्हीच लिहा ना, काका.”

“तूच लिही. डबीपाशी जाऊन बघ, आणि मग लिही.”

ती गेली, बघून आली आणि शहात्तर-अठ्ठ्याहत्तरच्या मधल्या ओळीत तिने लिहिलं. एकवीस वर्षांत त्या वहीत पहिल्यांदा दुसऱ्या कुणाचं अक्षर पडत होतं. अक्षर छान होतं, गोल आणि मोकळं. तारकाकांनी ते वाचलं, तारीख तपासली.

“आता शेवटच्या पानावर ये,” ते म्हणाले. “तिथे माझ्या घरचा पत्ता लिही. खाली बायकोचा फोन.”

“तो कशाला? मला पाठ आहे की, काका.”

“तुला आहे गं,” तारकाका म्हणाले.

लॅबताईने खाली बघितलं. मग तिने शेवटचं पान उघडलं आणि ते सांगत गेले तसं, एकेक आकडा विचारून, सावकाश लिहून घेतलं.